शेफर्ड्स पाय: खिमा आटवा, बटाटा कोरडा ठेवा

खाली खिमा, वर कुस्करलेला बटाटा, आणि वरचा थर खरपूस होईपर्यंत ओव्हनची आच. शेफर्ड्स पाय किंवा कॉटेज पाय म्हणजे एवढंच. पाय म्हटलं की मैद्याची पारी आठवते. ती इथे नाही, त्यामुळे मळणं-लाटणंही नाही. ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या आपल्या मंडळींची याच्याशी पहिली गाठ ऑफिसच्या कँटीनमध्ये नाहीतर सुपरमार्केटच्या तयार डब्यात पडते आणि 'बरंय, पण फिकं आहे' म्हणून विषय संपतो. मग घरी करताना ते फिकेपण घालवायला आलं, गरम मसाला, हिरवी मिरची पडते आणि ताटात येतो आपला नेहमीचाच खिमा, वर बटाटा थापलेला. तोही चांगला लागतो, पण त्यासाठी लेख कशाला हवा?

फिकेपणाचं खरं कारण बहुतेक वेळा पाणी असतं. खिमा परतला न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजतो, त्याचा रस पातळ राहतो आणि वरचा बटाटा पाणी पिऊन बसतो. या तीन जागी पाणी आवरलं तर मीठ, मिरी आणि थाईम या सुगंधी पाल्याच्या दोन काड्यांवर चव उभी राहते. पहिल्या वेळी तरी मसाल्याच्या डब्याला हात लावू नका, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दुसऱ्या वेळी घर तुमचं, डबा तुमचा.

नाव कुठलं, मांस कुठलं

आज ब्रिटनमध्ये रूढ नियम असा: मेंढीच्या किंवा कोकराच्या मांसाचा तो शेफर्ड्स पाय, बीफचा तो कॉटेज पाय. मेंढपाळाकडे बीफ कुठून येईल, हे इंग्रज माणूस अगदी गंभीर चेहऱ्याने समजावतो. पण हा काटेकोरपणा अलीकडचा. 'कॉटेज पाय' हे नाव १७९१ पासून लेखी सापडतं, 'शेफर्ड्स पाय' १८५० च्या दशकात छापलेलं दिसतं, आणि पुढे बराच काळ दोन्ही नावं कुठल्याही मांसाला चालत. अमेरिकेत तर आजही सर्रास बीफ घालून त्याला शेफर्ड्स पाय म्हणतात. वर चीज आणि पावाचा चुरा असेल तर इंग्लंडमध्ये त्याला कंबरलंड पाय म्हणतात, आणि फ्रान्समधल्या याच्या भावंडाचं नाव आहे आशी पार्मांतिए. बटाटा माणसांनी खाण्याजोगा आहे हे अठराव्या शतकातल्या फ्रेंचांच्या गळी उतरवणारा औषधनिर्माता आंत्वान-ओग्युस्तँ पार्मांतिए, त्याच्यावरून ते पडलं.

खरेदीचं बोलू. ब्रिटनमध्ये खिम्याच्या पाकिटावर चरबीचं प्रमाण छापलेलं असतं. बीफ मिन्स साधारण ५, १२ आणि २० टक्के चरबीचा मिळतो. त्यातला १२ टक्क्यांचा घ्या. ५ टक्केवाला भाजल्यावर कोरडा, रवाळ लागतो. कोकराचा खिमा बहुधा २० टक्क्यांच्या आसपास असतो, त्याला चरबी बरीच सुटते आणि ती काढून टाकावी लागते. कशी ते पुढे येईलच. जवळ हलाल खाटीक असेल तर त्याच्याकडून खांद्याचं मांस समोर जाडसर दळून घेणं सगळ्यात उत्तम. फार बारीक खिमा शिजल्यावर पेस्टसारखा होतो.

भारतात करणार असाल तर आपलं मटण म्हणजे बहुतेक ठिकाणी बोकडाचं. त्यात चरबी कमी, चव उग्र, आणि शिजायला जास्त वेळ. चालेल, फक्त एक मोठा चमचा लोणी जास्त आणि आच जास्त वेळ. महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी २०१५ पासून बैल आणि वळूंनाही लागू झाली, त्यामुळे शब्दशः कॉटेज पाय इथे होत नाही; म्हशीच्या मांसाचा करतात. चिकन खिम्याचा पाय होतो, पण त्यात तो रसाचा गडदपणा येत नाही. मी सुचवणार नाही.

चार जणांसाठी साहित्य

खिम्यासाठी:
खिमा ५०० ग्रॅम
मोठा कांदा १, गाजरं २, सेलरीचा दांडा १ (नसला तर राहू द्या)
लसूण २ पाकळ्या
टोमॅटो प्युरे २ मोठे चमचे (ट्यूबमधली घट्ट, डब्यातले टोमॅटो नकोत)
मैदा १ मोठा चमचा
स्टॉक (हाडांचं किंवा भाज्यांचं पातळ सूप) ४०० मिली
वूस्टर सॉस १ मोठा चमचा
थाईमच्या २-३ काड्या किंवा अर्धा छोटा चमचा सुकं थाईम, बे लीफ १
मीठ, ताजी मिरीपूड, थोडं तेल

वरच्या थरासाठी:
बटाटे १ किलो
लोणी ५० ग्रॅम आणि वर लावायला थोडंसं
गरम दूध ६० ते ८० मिली
मीठ, किसलेलं जायफळ चिमूटभर

काही गोष्टींबद्दल इथेच सांगून टाकते. बाटलीवर 'वूस्टरशर' असं लांबलचक नाव असलं तरी दुकानात 'वुस्टर सॉस'च मागायचा. १८३७ पासून विकला जाणारा हा सॉस व्हिनेगर, काकवी, अँकोव्ही मासे, कांदा-लसूण आणि चिंच यांचा असतो. म्हणजे चिंच-गुळाचं काम इथे बाटली करते, वेगळी साखर किंवा आंबट घालायची गरज नाही. शाकाहारींनी मात्र माशांमुळे लेबल वाचूनच घ्यावा.

बे लीफ म्हणजे आपलं तमालपत्र नव्हे. तमालपत्राच्या पानावर लांबीच्या दिशेने तीन ठळक शिरा असतात आणि वास दालचिनीकडे झुकतो. युरोपातल्या बे लीफला मधोमध एकच शीर असते आणि वास बराच वेगळा. घरात तमालपत्रच असेल तर काहीच घालू नका.

स्टॉकसाठी ब्रिटनमध्ये बहुतेक घरांत क्यूब वापरतात. एक क्यूब ४०० मिली उकळत्या पाण्यात पुरे. त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून खिम्यात मीठ शेवटी, चाखून. भारतात मटण आणत असाल तर हाडं मागून घ्या आणि अळणी सूप काढा, हळद न घालता. ते कुठल्याही क्यूबपेक्षा सरस.

भांडं आणि ओव्हन

साधारण दोन लिटर मावेल असं, पाच-सहा सेंटिमीटर खोल भांडं घ्या. चिनी मातीचं, एनॅमलचं किंवा धातूचं असलं तर उत्तम. काचेचं चालतं, पण दोन पथ्यं पाळा: फ्रीजमधून काढून थेट तापल्या ओव्हनमध्ये घालू नका, आणि ग्रिलच्या, म्हणजे वरून येणाऱ्या, उघड्या आचेखाली ठेवू नका. दोन्ही वेळा काच तडकू शकते.

ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर आधी तापवायचा. पंख्याचा ओव्हन असेल तर १८०, गॅसचा असेल तर ६ नंबर. भाड्याच्या घरातल्या ओव्हनच्या बटणांवरचे आकडे बरेचदा पुसून गेलेले असतात. स्वस्तातला साधा ओव्हन थर्मामीटर आणून आत टांगला की अंदाजपंचे कारभार संपतो. भारतात ओटीजी असेल तर खालचा आणि वरचा दोन्ही रॉड चालू ठेवायचे. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह चालतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये पाय गरम होतो, पण वरचा थर खरपूस होत नाही, आणि अर्धी मजा तिथेच आहे.

खिमा

खिमा अर्धा तास आधी बाहेर काढा. किचन पेपरने वरवर टिपून घ्या, पाकिटात पाणी सुटलेलं असतं.

रुंद, जाड बुडाचं पातेलं किंवा कढई मोठ्या आचेवर चांगली तापवा. नॉनस्टिकपेक्षा स्टीलची किंवा बीडाची बरी. चमचाभर तेल घाला आणि खिम्याचा निम्माच भाग पसरून टाका. आता दोन-तीन मिनिटं हात आवरा. आपल्याला खिमा टाकल्या टाकल्या हलवायची सवय असते. हलवला की भांडं निवतं, पाणी सुटतं आणि खिमा त्या राखाडी पाण्यात शिजायला लागतो. स्वस्थ ठेवला तर खालची बाजू तांबूस होते, आणि शेफर्ड्स पायची निम्मी चव त्या तांबूसपणात आहे. कानाने ओळखायचं: चुरचुर चालू आहे तोवर ठीक, नुसती खदखद ऐकू आली की पाणी सुटलं. खदखद सुरू झालीच तर आच पूर्ण वाढवा आणि पाणी आटून पुन्हा चुरचुर येईपर्यंत थांबा. मग उलटा, मोठे गोळे चमच्याने फोडा, दुसरी बाजू रंगवा आणि ताटात काढून ठेवा. उरलेला निम्मा खिमाही तसाच.

कोकराचा खिमा असेल तर एव्हाना तळाशी चरबीचं तळं झालेलं असेल. दोन मोठे चमचे ठेवून बाकीची वाटीत ओता. सिंकमध्ये ओतू नका, ती गोठून पाइप तुंबवते. ही चरबी काढायचा कंटाळा केला तर भाजताना ती बटाट्यातून वर येते आणि कडेने पिवळे ओघळ दिसतात.

आच मध्यम करा. बारीक चिरलेला कांदा, गाजर, सेलरी त्याच भांड्यात, चिमूटभर मीठ घालून दहा मिनिटं परता. गाजर वाटाण्याएवढं चिरायचं, त्याहून मोठं नको. कांदा मऊ आणि कडांना सोनेरी झाला की ठेचलेला लसूण, अर्ध्या मिनिटाने टोमॅटो प्युरे. प्युरे दोन मिनिटं परतायची, लाल रंग विटकरी होईपर्यंत, म्हणजे तिचा डबाबंद आंबटपणा जातो. मग मैदा भुरभुरवून एक मिनिट परता, कच्चट वास गेला पाहिजे.

आता खिमा परत भांड्यात. थोडा स्टॉक ओता आणि तळाला जे तपकिरी चिकटलंय ते लाकडी चमच्याने खरवडून रसात मिसळा. ते जळलेलं समजून ठेवून देऊ नका, तेच सोनं आहे. (काळं आणि कडू झालं असेल तर मात्र भांडं बदला.) उरलेला स्टॉक, वूस्टर सॉस, थाईम, बे लीफ घाला. उकळी आली की आच अगदी मंद, झाकण तिरकं, आणि ३० ते ४० मिनिटं विसरा. बोकडाच्या खिम्याला तासभर लागेल, मध्ये थोडं गरम पाणी घालत राहा. कुकरमध्ये करायचा असेल तर मंद आचेवर दहा मिनिटं, पण नंतर झाकण काढून रस आटवण्याचं काम उरतंच.

शेवटी झाकण काढा आणि आटवा. कुठवर? खिम्याला रस अंगाबरोबर हवा. चमच्याने भांड्याच्या तळाशी रेघ ओढा: रेघ दोन सेकंद उघडी राहून मग हळूच मिटली तर झालं. ओढताक्षणी रस धावून आला तर अजून दहा मिनिटं. रेघ मिटलीच नाही तर जरा जास्त आटलं, चार चमचे पाणी घाला, कारण ओव्हनमध्ये अजून थोडं उडणार आहे. चाखा, मीठ घाला, मिरी सढळ हाताने. थाईमच्या काड्या आणि पान काढून टाका.

खिमा भांड्यात पसरा आणि निवू द्या. ही पायरी लोक हमखास गाळतात. उकळत्या खिम्यावर बटाटा घातला की तो बुडतो आणि दोन थरांचा एक लगदा होतो. निवलेल्या खिम्यावर पातळशी साय धरते, तिच्यावर बटाटा नीट बसतो. हाताशी वेळ असेल तर खिमा आदल्या दिवशी करून फ्रीजमध्ये ठेवा. चव मुरते, आणि उरलीसुरली चरबी वर गोठून येते ती चमच्याने सहज उचलता येते. पाहुणे येणार असतील तेव्हा मी दुसरा मार्ग धरतच नाही.

बटाटा

पिठूळ बटाटा हवा. ब्रिटनमध्ये मॅरिस पायपर किंवा किंग एडवर्ड. पहिला १९६६ मध्ये बाजारात आला, दुसरा १९०२ मध्ये, आणि इंग्रज घरांत अजून यांच्यावरून दोन तट आहेत. कुठलाही घ्या. 'न्यू पोटॅटो' किंवा 'सॅलड पोटॅटो' लिहिलेले छोटे गुळगुळीत बटाटे घेऊ नका, ते मेणचट असतात आणि कुस्करले की चिकटतात. भारतात नवा बटाटा टाळा, त्यात पाणी जास्त. जुना बटाटा मागा, किंवा सरळ 'वेफर्सला चालेल असा द्या' म्हणा. भाजीवाल्याला बरोबर कळतं. शीतगृहातला गोडसर लागणारा बटाटा मात्र नको. थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर झालेली असते, त्यामुळे तो गोडही लागतो आणि वरून लवकर करपतो.

उकडायच्या दोन पद्धती. इंग्रजी पद्धत: सोलून चार-पाच सेंटिमीटरचे सारखे तुकडे, गार पाण्यात दीड छोटा चमचा मीठ, मग आच. गार पाण्यापासून सुरुवात केली की आत-बाहेर एकसारखं शिजतं. उकळत्या पाण्यात टाकले तर आतला भाग कच्चा असताना बाहेरचा विरघळतो. उकळी आल्यावर १५ मिनिटांनी सुरी खुपसून पाहा. दुसरी पद्धत आपली: न सोलता अख्खे बटाटे कुकरच्या भांड्यात, भांड्यात पाणी न घालता, वाफेवर. साल असल्याने ते पाणी पीत नाहीत. मला ही जास्त भरवशाची वाटते, फक्त गरम असतानाच सोलायची तयारी हवी.

तुकडे करून उकडले असतील तर पाणी पूर्ण निथळा, रिकामं भांडं अगदी मंद आचेवर ठेवा आणि बटाटे त्यात दोन मिनिटं हलवत राहा. वाफ निघून जाते, कडा पांढुरक्या, पिठूळ दिसायला लागतात. तिथे थांबायचं. गोव्यात किंवा वसईच्या ईस्ट इंडियन घरांत पोटॅटो चॉप करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. ओल्या बटाट्याची पारी तव्यावर फुटते हे त्यांना ठाऊक असतं.

कुस्करायला सगळ्यात उत्तम साधन तुमच्या माळ्यावर पडून असेल: पुरणयंत्र. इंग्रज लोक याच कामासाठी वेगळी यंत्रं विकत घेतात. गरम बटाटा पुरणयंत्रातून एकदाच काढला की एकही गुठळी राहत नाही. पुरणाची चाळण किंवा साधा मॅशरही चालेल. मिक्सर किंवा फूड प्रोसेसर कदापि नको. पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, आतलं पिष्ट बाहेर येतं आणि चिकट, ताणला जाणारा गोळा होतो. एकदा झाला की त्याला उपाय नाही.

आधी लोणी, मग दूध. लोणी गरम बटाट्यात मिसळलं की पिष्टाला स्निग्ध वेष्टण बसतं आणि नंतर दूध घातल्यावर बटाटा चिकट होत नाही. दूध गरम आणि थोडं थोडं. नुसतं खायचा मॅश असतो त्याला यापेक्षा जास्त दूध लागतं. इथे हात आखडता ठेवा, कारण खालून रसाची वाफ येऊन तो अजून मऊ होणार आहे. चक्क्यापेक्षा सैल पण श्रीखंडापेक्षा घट्ट झाला की पुरे. मीठ, जायफळ, हवी तर थोडी पांढरी मिरी. चाखून बघा: नुसता खाल्ला तर किंचित खारट वाटला पाहिजे.

थर लावणं आणि भाजणं

बटाटा मधोमध ओतून पसरवायचा मोह टाळा, खिमा कडेने वर चढतो. चमच्याने आधी भांड्याच्या काठालगत गोल बटाटा लावा, काठाला चिकटवून, म्हणजे रस उतू जायची वाट बंद होते. मग मधला भाग भरा. थर साधारण दोन सेंटिमीटर. पृष्ठभाग गुळगुळीत करू नका. काट्याने खोल रेघा ओढा, कारण प्रत्येक उंचवट्याचा माथा खरपूस होणार आहे. वर लोण्याचे छोटे तुकडे ठेवा. चीज घालावं की नाही यावर घराघरांत मतभेद आहेत. घालायचंच असेल तर मुरलेलं चेडर ५० ग्रॅमपर्यंत, त्याहून जास्त घातलं की फक्त चीजच लागतं.

भांडं ट्रेवर ठेवून ओव्हनमध्ये, मधल्या कप्प्यात. कितीही जपलं तरी एखाद्या कोपऱ्यातून रस उकळून सांडतोच, आणि ओव्हनचा तळ घासण्यापेक्षा ट्रे घासणं सोपं. खिमा कोमट असेल तर ३० मिनिटं. आदल्या दिवशीचा गार असेल तर १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं, पंख्याच्या ओव्हनमध्ये १६०. रेघांचे माथे तांबूस आणि कडेने तपकिरी रस बुडबुडताना दिसला की झालं. रंग कमी वाटला तर शेवटची तीन-चार मिनिटं ग्रिलखाली, पण तिथून हलू नका. आणि काचेच्या भांड्याचं पथ्य विसरू नका.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसाच राहू द्या. रस पुन्हा स्थिरावतो आणि वाढताना थर सुटे राहतात. शिवाय जीभ भाजत नाही; वरचा बटाटा निवल्यासारखा दिसतो तेव्हा आतला खिमा उकळताच असतो.

सोबत उकडलेले हिरवे वाटाणे किंवा लोण्यात परतलेला कोबी. उत्तर इंग्लंडमध्ये व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी घेतात, आणि त्या आंबटपणाने खिम्याचा जडपणा खरंच उतरतो. काही घरांत ब्राऊन सॉस लागतो. मी लिंबाचं लोणचं घेते, कुणाला न विचारता.

रोस्टचं मांस उरलं असेल तर

मुळात हा उरलेल्याचाच पदार्थ. रविवारी दुपारी मोठा रोस्ट, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेला मांसाचा अख्खा तुकडा, आणि सोमवार कपडे धुण्याचा. त्या दिवशी चुलीपाशी उभं राहायला सवड नाही, म्हणून कालचं गार मांस चिरून, रसात घोळवून, बटाट्याखाली. घरगुती खिमायंत्रं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पसरली आणि हे काम आणखी सोपं झालं. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, मांसावर रेशन आलं ते १९५४ मध्येच उठलं. युद्धकाळात बटाट्यावर मात्र रेशन नव्हतं, त्यामुळे थोड्या मांसात घर जेवू घालणारा हा पदार्थ आणखी घट्ट रुजला.

उरलेलं मांस वापरताना ते सुरीने बारीक चिरा, यंत्रात घालू नका. ते आधीच शिजलेलं आहे, पुन्हा चाळीस मिनिटं उकळलं तर तंतू चामट होतात. म्हणून क्रम बदला: कांदा-गाजर परतून, मैदा-प्युरे-स्टॉक घालून आधी रस्साच आटवून दाट करा, उरलेली रोस्टची ग्रेव्ही असेल तर तीही त्यात, आणि मांस अगदी शेवटी घालून दहा मिनिटं सणसणीत गरम करा. थर लावून लगेच भाजा. हा पाय दुसऱ्यांदा गरम झालेल्या मांसाचा, तेव्हा त्याच दिवशी संपवायचा.

शाकाहारी

ब्रिटनमध्ये याला शेफर्डेस पाय म्हणतात आणि त्यात बहुधा तपकिरी मसूर असतात, म्हणजे आपले अख्खे मसूरच. २०० ग्रॅम मसूर साध्या पातेल्यात २५ मिनिटं, दाणा अख्खा राहील असे शिजवा. कुकरमध्ये पिठलं होतं. खिम्याच्या तांबूसपणाची जागा मशरूम घेतात: २५० ग्रॅम बारीक चिरून, मोठ्या आचेवर, मीठ न घालता, सगळं पाणी आटून रंग येईपर्यंत परता. मीठ आधी घातलं तर पाणी सुटत राहतं. भाज्यांच्या स्टॉकमध्ये एक छोटा चमचा मार्माइट विरघळवलं की मांसाविना तो खोल, खारट गडदपणा येतो; ते यीस्टचं असतं आणि शाकाहारी आहे. बाकी सगळं वरच्यासारखंच. सोया खिमाही चालतो, पण भिजवून घट्ट पिळून घ्या, दोनदा.

उरलं तर

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. गरम एकदाच करायचा, आणि आतपर्यंत वाफाळता. फ्रीजरमध्ये तीन महिने छान राहतो. त्यासाठी थर लावून, न भाजता, पूर्ण गार करून झाकून ठेवा, आणि भांडं फ्रीजर-ओव्हन दोन्हीला चालणारं आहे ना ते बघा. भाजायच्या आदल्या रात्री फ्रीजमध्ये उतरवा. दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर, पहिली २५ मिनिटं फॉइलखाली आणि पुढची २५ उघडा. मधोमध सुरी खुपसून पाच सेकंदांनी काढा. पातं मनगटाच्या आतल्या बाजूला चटका बसेल इतकं गरम लागलं पाहिजे. थर्मामीटर असेल तर ७५ अंश. कोमट लागलं तर अजून दहा मिनिटं आत, वरून रंग कितीही सुंदर आलेला असो.